निबंधातले कोणते काम कोणाचे?

महाविद्यालयीन निबंध, प्रकल्प-अहवाल आणि प्रबंध लिहिताना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने किती वापरावीत, हा प्रश्न ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले तेव्हापासून प्रत्येक विद्यापीठापुढे आहे. सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक ही दोन टोकांची उत्तरे सोपी आहेत, पण वर्गात दोन्ही टिकत नाहीत. त्यांच्या मधल्या जागेत दोन विचारी भूमिका उभ्या राहतात. पहिली म्हणते, लेखन म्हणजेच विचार, म्हणून साधन शक्यतो दूर ठेवावे. दुसरी म्हणते, साधन आता सुटणार नाही, म्हणून ते वापरण्याची शिस्त शिकवावी. या दोन भूमिका पुढे संवादरूपाने मांडल्या आहेत. पहिली मांडणारी प्राध्यापिका इतिहास शिकवते, दुसरी मांडणारा महाविद्यालयाचा ग्रंथपाल आहे. दोघेही सुरतेचे मराठी रहिवासी आहेत आणि दोन्ही पात्रे प्रातिनिधिक आहेत.

सुरतेत हा प्रश्न अधिक धारदार होतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कापडाच्या धंद्यात कामाला आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावली आहेत. त्यांतल्या अनेक मुलांची घरची बोली अहिराणी. महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, त्यामुळे शाळेत मराठी. बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी. पदवीला, म्हणजे १९६५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे कवी नर्मद यांचे नाव मिळालेल्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, गुजराती किंवा इंग्रजी. असा विद्यार्थी विचार एका भाषेत करतो आणि उत्तर दुसरीत लिहितो. साधनाची मदत कुठे रास्त आणि कुठे नाही, हे त्याच्या बाबतीत लवकर कळते.

निबंध कशासाठी

निबंध लिहिणे हे एक काम नाही. त्यात किमान पाच कामे असतात: प्रश्न नेमका करणे, वाचून टिपणे काढणे, पुराव्यांचे वजन ठरवणे, मुद्द्यांचा क्रम लावणे आणि ते शुद्ध, वाचनीय भाषेत उतरवणे. पूर्वीची साधने यांतल्या एखाद्याच कामाला हात लावत. शब्दकोश भाषेला, ग्रंथालयाची तालिका वाचनाला. आताचे साधन पाचही कामे एका दमात करून देते, आणि वाद इथूनच सुरू होतो.

प्राध्यापिका : निबंध वाचून मला इतिहासाची माहिती मिळवायची नसते. एकमेकांशी न जुळणारे दोन पुरावे समोर आल्यावर विद्यार्थ्याने काय केले, ते मला पाहायचे असते. ते काम साधनाने केले तर माझ्या हाती कागद येतो, पण तपासण्यासारखे त्यात काही उरत नाही.

ग्रंथपाल : मॅडम, नुसता कागद हाती येण्याची तक्रार जुनी आहे. गाइडातले उत्तर उतरवून काढणे, झेरॉक्सच्या दुकानातून गेल्या वर्षीचा प्रकल्प आणून पहिले पान बदलणे, हे चालतच होते, आणि त्याला गुणही मिळत होते. साधनाने नक्कल जन्माला घातली नाही, ती फक्त स्वस्त केली.

प्राध्यापिका : फरक नुसता स्वस्ताईचा नाही. गाइड सगळ्यांना एकच उत्तर देते, दहा वह्या शेजारी ठेवल्या की नक्कल दिसते. साधन दहा जणांना दहा वेगळी उत्तरे देते. आणि गाइड उतरवणाऱ्याला आपण उतरवतो आहोत हे पक्के ठाऊक असते. साधनाशी तासभर बोललेल्या मुलाला मात्र प्रामाणिकपणे वाटते की विचार आपणच केला.

या शेवटच्या मुद्द्याला प्रयोगाचा आधार आहे. २०२३ मध्ये तुर्कस्तानात सुमारे एक हजार माध्यमिक विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी असे साधन देण्यात आले. साधे साधन मिळालेल्या मुलांनी सरावात ४८ टक्के अधिक चांगली कामगिरी केली. पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना ते कधी मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा ही मुले १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला दिलेले साधन उत्तर न सांगता शिक्षकाने ठरवलेले इशारेच देई. या गटाची सरावातली कामगिरी १२७ टक्क्यांनी सुधारली आणि परीक्षेतली घसरण जवळजवळ दिसली नाही.

प्राध्यापिका : म्हणजे आयते उत्तर हातात आले की शिकणे थांबते आणि मुलाला त्याचा पत्ताही लागत नाही.

ग्रंथपाल : त्याच प्रयोगातला तिसरा गटही पाहायला हवा. साधन तेच होते, फक्त त्याला उत्तर देऊ न देता प्रश्न विचारायला लावले होते. नुकसान साधनाने होत नाही, ते कोणत्या कामाला जुंपले त्याने होते. आणि गणितात खरे असलेले निबंधात तंतोतंत खरे ठरेल, असेही नाही. निबंधाला एकच बरोबर उत्तर नसते.

प्राध्यापिका : नसते, म्हणूनच धोका अधिक. गणितात चुकीचे उत्तर पडताळता येते. निबंधात गुळगुळीत वाक्य बरोबरच वाटते.

एक उदाहरण : जानेवारी १६६४ ची सुरत

गुळगुळीत वाक्य आणि पडताळलेले वाक्य यांतला फरक स्थानिक विषयावर चांगला दिसतो. सुरतेतील मराठी विद्यार्थ्याला इतिहासाच्या निबंधासाठी सहज सुचणारा विषय म्हणजे शिवाजी महाराजांचा सुरतेवरील छापा. पहिला छापा जानेवारी १६६४ मध्ये पडला, दुसरा ऑक्टोबर १६७० मध्ये. पहिल्या वेळी मोगलांचा अधिकारी इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला, इंग्रज व डच व्यापाऱ्यांनी आपापल्या वखारी राखल्या, आणि वीरजी व्होरा, हाजी झाहिद बेग अशा बड्या व्यापाऱ्यांची घरे लुटली गेली.

या घटनेचे पुरावे अनेक आहेत आणि प्रत्येकाची बाजू वेगळी आहे. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडन याच्या काळची पत्रे ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकांना लिहिलेली आहेत, आपण वखार कशी राखली हे सांगण्यात लिहिणाऱ्यांचा स्वार्थ होता. वखारीचा धर्मोपदेशक एस्कॅलियट याने इंग्लंडात वैद्य व लेखक टॉमस ब्राउन यांना सविस्तर पत्र लिहिले, पण मराठ्यांच्या तळावरची त्याची माहिती ऐकीव आहे. ती अँथनी स्मिथ या पकडल्या गेलेल्या इंग्रजाकडून आली. फ्रेंच प्रवासी बर्निए याने छाप्याबद्दल लिहिले, तो त्या वेळी सुरतेत नव्हता. सभासदाची बखर १६९० च्या दशकात, म्हणजे एका पिढीनंतर, राजाराम महाराजांसाठी लिहिली गेली.

तारखांचाही पेच आहे. इंग्रज त्या काळी जुने ज्युलियन पंचांग वापरत आणि त्यांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. डच कंपनीचे पंचांग दहा दिवस पुढे होते. त्यामुळे इंग्रज नोंदीतील ६ जानेवारी हा डचांचा १६ जानेवारी होतो, आणि जुन्या इंग्रजी कागदावर वर्ष १६६३ लिहिलेले आढळले तरी घटना १६६४ चीच असते.

प्राध्यापिका : ‘छाप्यात किती संपत्ती मिळाली?’ असे साधनाला विचारले की बहुधा एक ठाम आकडा येतो. तो कोणी, कोणाला आणि कशासाठी कळवला, हे त्यात नसते. लुटले गेलेले नुकसान वाढवून सांगतात, राखणदार ते कमी करून सांगतात, बखरकार धन्याचे वैभव सांगतो. निबंधाचा सगळा अभ्यास या फरकात आहे आणि नेमका तोच गाळला जातो. कधी १६६४ च्या गोष्टी १६७० च्या गोष्टींत मिसळतात, तेही कोणाच्या लक्षात येत नाही.

ग्रंथपाल : मान्य. पण तारखेचा पेच घ्या. विद्यार्थ्याला एका पुस्तकात ६ आणि दुसऱ्यात १६ तारीख दिसली. रात्री अकरा वाजता तो कोणाला विचारणार? साधनाला विचारले तर ते पंचांगांतला फरक समजावून देईल. मग दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात येऊन तो ते संदर्भग्रंथात पडताळून घेईल. इथे साधनाने त्याचा विचार हिरावून घेतला नाही, अडलेला विचार सोडवला.

प्राध्यापिका : पण दोन तारखा त्याला आधी दिसायला हव्यात. त्यासाठी दोन पुस्तके उघडायला हवीत. प्रश्न वाचनातून उगवला तर साधन उपयोगी. प्रश्नही साधनानेच दिला आणि उत्तरही, तर विद्यार्थी त्या व्यवहारात कुठे आहे?

साधन ठामपणे चुकते यामागे त्याची रचना आहे. अशी भाषिक प्रारूपे अफाट मजकुरातून शब्दांमागून येणाऱ्या शब्दांचे संभव शिकतात. आंतरजालावर शोध घेण्याची सोय जोडलेली नसेल, तर संदर्भ देताना ती कपाटातले पुस्तक शोधत नाहीत. संदर्भ सहसा कसा दिसतो हे त्यांना ठाऊक असते, त्या घडणीचा मजकूर ती तयार करतात. लेखकाचे नाव ओळखीचे, शीर्षक पटण्याजोगे, पृष्ठक्रमांक नेटका, आणि असे पुस्तक अस्तित्वातच नाही, असे होऊ शकते. शोधाची सोय असली तर हा धोका कमी होतो, संपत नाही. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वात नसलेले निवाडे त्यांनी न पडताळता न्यायालयापुढे ठेवले होते.

विषय जितका स्थानिक आणि त्यावरचे छापील साहित्य जितके थोडे, तितका हा दोष वाढतो. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेत शिक्षक होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि त्यांनी मिळून तिथे मानवधर्म सभा स्थापन केली. पुढे मुंबईच्या परमहंस सभेतही दादोबा होते. सुरतेच्या सभेची माहिती मुख्यतः जुन्या गुजराती ग्रंथांत आहे, महीपतराम रूपराम यांनी लिहिलेले दुर्गारामांचे चरित्र हा त्यांतला महत्त्वाचा. असे ग्रंथ न वाचता साधनाकडून सभेवर निबंध घेतला, तर रिकाम्या जागा कोणत्याही सुधारणा-सभेला लागू पडतील अशा वाक्यांनी भरल्या जाण्याचा आणि दोन सभांची सरमिसळ होण्याचा संभव मोठा.

ग्रंथपाल : मग विषय देण्याची पद्धत बदलू. ‘सुरतेचा छापा : कारणे व परिणाम’ असा विषय दिला की तयार उत्तर मागवण्याचा मोह होणारच. ‘इंग्रज पत्र आणि सभासद बखर यांत कोणत्या तीन गोष्टी जुळत नाहीत, आणि का?’ असा दिला तर दोन्ही मजकूर समोर ठेवून बसावे लागेल.

प्राध्यापिका : आणि पायही घराबाहेर काढावा लागेल. चौक बाजारचा किल्ला आणि कतारगामच्या इंग्रज दफनभूमीतली ऑक्सेंडन बंधूंची भव्य कबर या शहरातच आहेत. वखारीच्या व्यापाऱ्यांची स्मारके कशी उभी राहिली, हे तिथे उभे राहून लिहिलेल्या परिच्छेदात वेगळे उतरते.

भाषेची मदत

ग्रंथपालाच्या भूमिकेचा सर्वांत बळकट आधार भाषा हा आहे. यंत्रानुवाद ही आता सरकारी धोरणाचीही बाब आहे. भारतीय भाषांसाठीचा ‘भाषिणी’ हा केंद्र सरकारचा प्रकल्प जुलै २०२२ मध्ये गांधीनगर येथे सुरू झाल्याची घोषणा झाली. मराठी आणि गुजराती या दोन्ही आठव्या अनुसूचीतील भाषा आहेत. अहिराणी त्या अनुसूचीत नाही.

ग्रंथपाल : डिंडोलीतल्या मुलीचे वडील मागावर काम करतात. तिने किल्ला पाहिला, पुस्तक वाचले, मुद्दा स्वतः शोधला, आणि इंग्रजी निबंधात क्रियापदांचे काळ चुकले म्हणून तिला पन्नासांत वीस गुण पडले. तिच्याच वर्गातल्या, घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलाने तीन पोकळ परिच्छेद शुद्ध इंग्रजीत लिहून तीस मिळवले. हे मूल्यमापन इतिहासाचे झाले की घराचे? साधनाने तिची वाक्ये सुधारून दिली तर गैर काय?

प्राध्यापिका : वाक्ये तिची असतील तर काहीच गैर नाही. पण साधन काळ सुधारायला बसते आणि जाता जाता मुद्दाही सुधारते. तिने लिहिले असेल, ‘इंग्रजांनी स्वतःची वखार वाचवली, शहर नाही.’ परत येते ते असे : ‘इंग्रजांनी अतुलनीय धैर्याने प्रतिकार केला.’ व्याकरण निर्दोष झाले, तिचे म्हणणे उलटे झाले. आणि इंग्रजी मोठ्या थाटाचे असल्यामुळे तिला वाटते, हेच बरे.

ग्रंथपाल : म्हणून पहिला खर्डा तिचाच हवा, मग तो अहिराणीत असो, मराठीत असो की मोडक्या इंग्रजीत. तो जपून ठेवावा. साधनाला सांगावे की फक्त व्याकरणाच्या चुका दाखव, वाक्य बदलू नकोस, चूक का ते सांग. मग प्रत्येक बदल तिने स्वतः स्वीकारावा किंवा नाकारावा.

प्राध्यापिका : इतिहासाच्या निबंधाला हे चालेल. इंग्रजी लेखनाच्या पेपरला चालणार नाही. तिथे वाक्य बांधता येते की नाही, हेच तर तपासायचे असते.

या उत्तरात दोन्ही भूमिकांना जोडणारे सूत्र आहे. तीच मदत एका विषयात रास्त आणि दुसऱ्यात गैर ठरते, कारण प्रत्येक लेखनकार्य विशिष्ट क्षमता घडवण्यासाठी दिलेले असते. इतिहासाच्या निबंधात पुराव्याचे वजन, भाषेच्या वर्गात वाक्यरचना, अनुवादाच्या वर्गात अनुवाद, संख्याशास्त्राच्या अहवालात निष्कर्ष. ज्या कामासाठी निबंध दिला, ते काम साधनाकडे जाऊ नये. बाकीच्या कामांत मदत घेता येते, मात्र ती लपवू नये.

नियम काय सांगतात

भारतात शैक्षणिक लेखनातील प्रामाणिकपणाचा मुख्य नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये लागू केला. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून पुढे करणे, अशी वाङ्मयचौर्याची व्याख्या त्यात आहे. साम्याच्या प्रमाणावर चार पायऱ्या ठरवल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करायचा. ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई. ६० टक्क्यांच्या वर गेल्यास त्या अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द. साम्य तपासण्याची सोय देशभरातील विद्यापीठांना ‘शोधशुद्धी’ या उपक्रमातून मिळते. तो २०१९ पासून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत चालतो, ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडारही याच केंद्राचे.

या नियमाला दोन मर्यादा आहेत. तो पदव्युत्तर व संशोधन पातळीवरील प्रबंध आणि प्रकाशनांसाठी आहे, वर्गातील निबंध, सत्रकार्य आणि उत्तरपत्रिका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे बी. ए. च्या विद्यार्थ्याच्या निबंधाचे नियम महाविद्यालयाला आणि शिक्षकालाच घालावे लागतात. शिवाय तो नियम साम्य मोजतो. साधनाने लिहिलेला मजकूर आधीच्या मजकुराशी सहसा शब्दशः जुळत नाही, त्यामुळे साम्याचा आकडा लहान राहतो.

ग्रंथपाल : साम्य चार टक्के आले म्हणजे लेखन स्वतःचे, असा समज वाढतो आहे. तो आकडा एवढेच सांगतो की हा मजकूर त्या भांडारात सापडला नाही.

प्राध्यापिका : आणि साम्य तीस टक्के आले म्हणजे चोरी, हाही तसाच समज. अवतरणे, कायद्याची कलमे, ग्रंथसूची नीट वगळली नाहीत तर प्रामाणिक प्रबंधही तिथे पोहोचतो. दोन्ही वेळा शेवटी माणसालाच वाचावे लागते.

पकडण्याची यंत्रे

साम्य-तपासणी अपुरी पडल्यावर ‘हा मजकूर यंत्राने लिहिला का’ हे ओळखण्याचा दावा करणारी शोधयंत्रे आली. त्यांचा अनुभव सावध करणारा आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचे असे यंत्र जानेवारी २०२३ मध्ये खुले केले आणि अचूकता कमी असल्याने त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. २०२३ मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात शोधयंत्रांना टोफेल या इंग्रजी भाषेच्या परीक्षेसाठी माणसांनी लिहिलेले ९१ निबंध दिले. लिहिणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. यंत्रांनी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रलिखित ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत मात्र ती जवळजवळ चुकली नाहीत.

याचे कारण या यंत्रांच्या मोजमापात आहे. मजकुरातील पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितका तो यंत्रलिखित असण्याचा संशय ती घेतात. परकी भाषा शिकलेला माणूस मोजक्या, सरावाच्या शब्दांत लिहितो, त्यामुळे त्याचेच लेखन संशयात सापडते. अशा निकालाविरुद्ध दाद मागण्याचा प्रसंग भारतातही आला आहे. २०२४ मध्ये हरयाणातील एका खासगी विद्यापीठाने कायद्याच्या विद्यार्थ्याचे उत्तर यंत्रलिखित ठरवून त्याला अनुत्तीर्ण केले. तो उच्च न्यायालयात गेला, त्यानंतर विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि प्रकरण मिटले.

ग्रंथपाल : तेव्हा डिंडोलीच्या मुलीला दोन बाजूंनी मार बसतो. साधन वापरले नाही तर इंग्रजी कच्चे म्हणून गुण जातात, आणि घोटून, बेताचे, शुद्ध लिहिले तर यंत्राने लिहिले असा आळ येतो.

प्राध्यापिका : या यंत्राचा आकडा शिक्षेसाठी पुरावा मानू नये, हे मी मान्य करते. संशय आलाच तर विद्यार्थ्याला समोर बसवून पाच प्रश्न विचारावेत. ‘हा संदर्भ कुठे मिळाला? एस्कॅलियटवर विश्वास का ठेवला? हा परिच्छेद गाळला तर काय बिघडेल?’ ज्याने लिहिले त्याला उत्तरे सुचतात.

ग्रंथपाल : आणि लाजऱ्या मुलाचे काय? त्याला सगळे येते, पण समोर बसले की बोलता येत नाही.

प्राध्यापिका : म्हणून तोंडी प्रश्न त्याच्या भाषेत विचारावेत, आणि त्याची टिपणे व खर्डे हाताशी असू द्यावेत.

वापराची रीत

दोन्ही भूमिका वेगवेगळ्या वाटांनी ज्या रीतीपाशी येतात, ती लेखनाच्या क्रमाने अशी मांडता येते.

विषय मिळाल्यावर पहिले वाचन आणि पहिली टिपणे साधनाविना करावीत. आपल्याला काय कळले नाही हे याच टप्प्यावर कळते, आणि पुढचे सगळे प्रश्न त्यातून निघतात. टिपणात पुस्तकाचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठ तिथल्या तिथे लिहावे.

वाचताना अडले तर साधनाला संकल्पना समजावून मागण्यास हरकत नाही. उत्तर मात्र सूचना म्हणून घ्यावे, आधार म्हणून नव्हे. निबंधात जाणारे प्रत्येक विधान छापील किंवा अधिकृत स्रोतात स्वतः पाहिलेले असावे. साधनाने सुचवलेला ग्रंथ हातात किंवा पडद्यावर उघडून पाहिल्याशिवाय यादीत घालू नये.

मुद्द्यांचा क्रम आधी स्वतः लावावा. त्यानंतर साधनाला विरोधकाच्या जागी बसवता येते : ‘या मांडणीतला सर्वांत कच्चा दुवा कोणता? कोणता पुरावा याच्या विरुद्ध जाईल?’ आलेल्या आक्षेपांपैकी कोणते खरे आणि कोणते पोकळ, हे विद्यार्थ्याने ठरवायचे.

पहिला खर्डा स्वतःच्या हाताने आणि सोयीच्या भाषेत लिहावा. भाषाशुद्धी किंवा अनुवाद त्यानंतर, आणि तोही परिच्छेदागणिक, मूळ शेजारी ठेवून. अर्थ बदललेले वाक्य मागे घ्यावे. स्वतः कधी बोलणार नाही असा शब्द आला असेल, तर त्याचा अर्थ सांगता येतो का ते पाहावे. येत नसेल तर काढून टाकावा.

शेवटी निवेदन जोडावे. ते लांब असण्याची गरज नाही : ‘या निबंधात पंचांगांतील फरक समजून घेण्यासाठी आणि इंग्रजी व्याकरण तपासण्यासाठी अमुक साधन वापरले. मुद्दे, संदर्भ आणि निष्कर्ष माझे आहेत, पहिला खर्डा उपलब्ध आहे.’ साधनाला सहलेखक मानू नये. चुकीची जबाबदारी ज्याला घेता येत नाही त्याला लेखक म्हणता येत नाही, हे मत अनेक संशोधन-नियतकालिकांनी २०२३ पासून नियमात उतरवले आहे. इतरांची खासगी माहिती, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण किंवा अप्रकाशित सामग्री परवानगीशिवाय साधनात भरू नये.

ही रीत एकट्या विद्यार्थ्याच्या बळावर टिकत नाही. विषयपत्रिकेवर शिक्षकाने दोन ओळी लिहाव्या लागतात : हे कार्य कोणत्या क्षमतेसाठी आहे आणि कोणत्या कामांत मदत चालेल. गुणांची विभागणीही त्याप्रमाणे हवी. अंतिम कागदाबरोबर टिपणे, खर्डा आणि दहा मिनिटांची तोंडी चर्चा यांनाही गुण असले, तर साधनाकडून आयता कागद घेण्यातला फायदा उरत नाही.

उरलेला मतभेद

सगळे मुद्दे जुळत नाहीत. साधन कधी हाती द्यावे, यावर दोघांचे एकमत होत नाही.

प्राध्यापिका : पदवीच्या पहिल्या वर्षी साधन पूर्ण बंद असावे. वर्गात बसून, कागदावर, समोर दिलेल्या उताऱ्यावर लिहावे. ज्याने एकदाही स्वतः क्रम लावला नाही त्याला साधनाने लावलेला क्रम चांगला की वाईट हे कळणार नाही. पारख आधी, मदत नंतर.

ग्रंथपाल : वर्गातली बंदी वर्गापुरती चालेल. घरी ते बंद राहणार नाही. ज्याच्या घरी विचारायला शिकलेले माणूस आहे त्याला मदत मिळत राहील, ज्याच्या घरी फक्त मोबाइल आहे त्याचीच मदत बेकायदा ठरेल. पहिल्याच वर्षी, शिक्षकाच्या देखत, उघडपणे वापरायला शिकवावे. चुकलेला संदर्भ कसा पकडायचा, हा पहिला धडा असावा.

प्राध्यापिका : शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात देखरेख कोण ठेवणार? दहा मिनिटांची तोंडी चर्चा सव्वाशे जणांशी करायची तर वीस तासांहून अधिक लागतात.

ग्रंथपाल : तो वेळ वेळापत्रकात मिळाला पाहिजे. तो न देता नुसते नियम छापले, तर बंदी आणि मोकळीक दोन्ही कागदावर राहतील.

हा वाद शिक्षकसंख्या आणि वेळ यांच्याशी बांधलेला असल्याने त्याचे उत्तर प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या वर्गाचा आकार पाहून द्यावे लागेल. पहिले वर्ष बंदीचे ठेवले काय किंवा देखरेखीचे, विषयपत्रिकेवरच्या त्या दोन ओळी दोन्हींकडे लागतात. त्या नसतील तर कोणती मदत रास्त होती, हे विद्यार्थ्याला लिहिताना कळत नाही आणि शिक्षकाला तपासताना ठरवता येत नाही.